जुने आवाज, जुने कान

अमीन सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निधन झाले. वय ९१. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हळहळ व्यक्त केली ते सगळे पन्नाशीच्या पुढचे होते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. नववीच्या वर्गात नाव काढले तर एकाही मुलाला ते ठाऊक नव्हते. मुलांचा त्यात दोष नाही. पण त्यातून एक प्रश्न उरतो. आपला रेडिओ म्हातारा झाला, तो नेमका कशामुळे?

याचे ठरलेले उत्तर आहे: टीव्ही आला, मग मोबाइल आला, लोकांनी रेडिओ सोडला. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे सयानींच्याच आयुष्यात सापडते.

१९५२ साली माहिती व नभोवाणी खाते बी. व्ही. केसकर या मराठी माणसाकडे आले. शास्त्रीय संगीत जनतेपर्यंत पोहोचावे हा त्यांचा आग्रह. त्यापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. लोकांनी सुई फिरवून शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. निवेदक होते अमीन सयानी. त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, म्हणजे त्या दिवशी त्यांना विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्यांना आपण 'बुजुर्ग आवाज' म्हणतो, तो आवाज एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती माइक दिल्यामुळे तयार झाला.

हा आवाज आयता मिळाला नव्हता. आकाशवाणीच्या आवाजचाचणीत आपण नापास झालो होतो, हे ते स्वतः मुलाखतींत सांगत. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप होती. घरात मात्र दुसरी शाळा चालू होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. मजकूर सोप्या हिंदुस्थानीत असे आणि तो देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तिन्ही लिपींत छापला जाई. अमीनभाई त्या कामात आईला हातभार लावत. नुकतेच अक्षर शिकलेल्या माणसाला कळेल असे बोलायचे, ही शिस्त तिथली. थोरले भाऊ हमीद सयानी आधीच रेडिओत होते. त्यांनी धाकट्याला स्टुडिओत आणले. आईने भाषा दिली, भावाने वाट दाखवली आणि एका केंद्राने चुका करायला जागा दिली. निवेदक असा घडतो.

श्रोताही असाच घडतो. गीतमालेच्या पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि पुढे वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेल्याचे सांगितले जाते. लोक ऐकत होतेच, वर उत्तरही देत होते. झारखंडातले झुमरीतलैया हे गाव तर निव्वळ फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले. ही नाती चार दिवसांत जुळत नाहीत. १९५२ मध्ये दहा वर्षांचा असलेला श्रोता गीतमाला विविध भारतीवर आली तेव्हा, १९८९ मध्ये, ४७ वर्षांचा होता. निवेदकाच्या निधनाच्या वेळी तो ८२ च्या घरात होता. आवाज आणि कान बरोबरीने म्हातारे झाले. त्यात गैर काहीच नाही. गैर हे की मागून नवे आवाज आले नाहीत, म्हणून नवे कानही आले नाहीत.

आता आपल्या खानदेशाकडे या. माझे बालपण जळगाव आणि धुळ्यात गेले. घरात उर्दू, तीही आमच्या इकडच्या वळणाची. नानांच्या धुळ्यातल्या मोहल्ल्यात पॉवरलूमचा खडखडाट आणि बाजारात अहिराणी. जळगावच्या पूर्वेकडे यावल-रावेरला जावे तर लेवा बोली आणि तडवी बांधवांचे बोलणे. पुस्तकातली मराठी यातल्या कुठेच नव्हती. ती होती रेडिओवर. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागत आणि त्यानंतर जळगाव केंद्रावरची शेतीची माहिती, हवामान, भाषणे, नाटुकली. अम्मीला मराठी वाचता येत नसे, पण तिला 'अतिवृष्टी', 'अधिवेशन', 'हमीभाव' हे शब्द बरोबर कळत. शाळेत मराठीच्या तासाला मी इतरांपेक्षा कमी अडखळले, याचे श्रेय त्या खोक्याला आहे. उलट बाजूनेही हेच घडत होते. आमच्या शेजारच्या पाटीलकाकांना उर्दूचे एक अक्षर येत नव्हते, पण विविध भारती आणि दिल्लीची उर्दू सर्व्हिस ऐकून त्यांची तलफ्फुज आमच्या काही नातेवाइकांपेक्षा साफ होती. लिपीचे कुंपण कानाला आड येत नाही.

मग हे थांबले कुठे? आकाशवाणीने तरुणांसाठी एक दार उघडे ठेवले होते. २१ जुलै १९६९ रोजी दिल्लीत 'युववाणी' सुरू झाली आणि पुढे प्रादेशिक केंद्रांवरही ती आली. कॉलेजातली मुले तिथे येऊन कविता वाचत, चर्चा करत, घाबरत, सुधारत. नव्वदच्या दशकापासून मात्र कायम निवेदकांची भरती जवळजवळ बंद पडली. १९९७ मध्ये प्रसार भारती आली तरी ही कोंडी सुटली नाही. जुने निवेदक एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांची जागा हंगामी निवेदकांनी भरून काढली. महिन्यातल्या मोजक्या ड्यूट्या, तेवढ्याच ड्यूट्यांचे मानधन. कित्येकजण वर्षानुवर्षे तसेच राहिले आणि काहींनी नियमित होण्यासाठी न्यायालय गाठले. अशा नोकरीच्या भरवशावर कोणता तरुण आवाज घडवण्यात दहा वर्षे घालेल?

दुसरे कारण यंत्राचे आहे. जळगाव केंद्र श्रोत्यांना मिळाले ते मीडियम वेव्हवर. शेतात, मळ्यात, डोंगराच्या आड दूरपर्यंत पोहोचणारी ती लहर. पण मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह कधी आलेच नाही. एफएम आले, तेही इअरफोनची वायर लावली तर. हल्ली अनेक मोबाइलना ती वायर लावायचे भोकच नसते. घरात एलईडी दिवे आणि चार्जर वाढले तशी जुन्या सेटवरची खरखर वाढली. म्हणजे ज्याच्याकडे जुना सेट तोच ऐकणार, आणि जुना सेट असतो म्हाताऱ्या माणसाकडे. मोबाइल अॅपवर आकाशवाणी ऐकता येते, पण तिथे शोधून जावे लागते. सुई फिरवताना सापडण्याची गंमत त्यात नाही. खासगी एफएमवर तरुण आवाज आहेत, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे दोन गाण्यांमध्ये उरते ती चटकदार बडबड. केळीच्या भावावर किंवा गावच्या पाण्यावर तासभर बोलणारा तरुण तिथे घडायचा कसा?

हा प्रश्न आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे रेडिओवरचे बंधन १९८७ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला आणि एका माणसाच्या बोलण्यावर शेकडो केंद्रांची दुपार उभी राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते सत्तराव्या वर्षी वारले. त्यानंतर काही महिने पाहुणे निवेदक आणि त्यांच्याच जुन्या ध्वनिफिती यांवर कार्यक्रम चालला. त्यांचे द्वेषाचे राजकारण आणि सयानींची मोहब्बत यांची तुलना होऊ शकत नाही. पण पैशाने गडगंज असलेल्या तिथल्या धंद्यानेही वारस तयार केला नव्हता, हे लक्षात घ्यावे. नुसत्या पैशाने वारस येत नाही. त्यासाठी कुणीतरी जागा मोकळी करावी लागते.

यात आपले काय जाते? माझ्या वर्गापुरते सांगते. आज उर्दू माध्यमाच्या मुलाला कानावर पडणारी मराठी म्हणजे रस्त्यावरची तोडकी बोली आणि रील्समधले दोन-चार वाक्प्रचार. पूर्ण वाक्य, सावकाश, नीट उच्चारात, कुणावर न ओरडता बोललेले, त्याच्या कानी येत नाही. तो 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार पुस्तकातून शिकू शकत नाही, कारण लिपीत ते दिसतच नाहीत. ते ऐकावेच लागतात. मराठी मुलालाही आता नुक्त्याचा 'ज़' कुणी ऐकवत नाही. दोन्ही घरांना एकाच वेळी शिकवणारा बिनपगारी मास्तर गेला आणि त्याची जागा भरायची जाहिरातही निघाली नाही.

मार्ग मात्र बंद नाहीत. २००६ पासून सामुदायिक रेडिओ शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही काढता येतो. त्याचा पल्ला थोड्या किलोमीटरांचा असला तरी तेवढ्यात एक शहर बसते. ते जमेपर्यंत शाळेत परिपाठाच्या वेळी आठवड्यातून एकदा मुलांनी लिहिलेले बातमीपत्र मुलांनीच दोन्ही भाषांत वाचावे. आपल्या गावातले निवृत्त निवेदक शोधावेत. त्यांना हार घालून सत्कार करण्यापेक्षा महिन्यातून एक तास मुलांचे उच्चार तपासायला बोलवावे. आणि आकाशवाणीकडे मागणी करायची तर जुने कार्यक्रम पुन्हा लावा एवढीच नको. एक निवेदक निवृत्त होण्याआधी त्याच्या शेजारच्या खुर्चीत विशीतले एक मूल बसवा, ही करायला हवी. १९५२ मध्ये ती खुर्ची एका पोराला मिळाली होती, आणि तिच्यावर देशाने चाळीस वर्षे काढली.