भयाचा हिशेब

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. टेबलाभोवती बसायचे, एकाने प्रसंग उभा करायचा, इतरांनी आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घ्यायचे आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. त्यातला योद्धा जसजसा अनुभव मिळवी, तसतसा मारायला कठीण होत जाई. त्याला राक्षसाची भीती फार काळ वाटणे शक्यच नव्हते.

१९८१ मध्ये केऑसियम या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुलू’ प्रसिद्ध केला. आधार एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांचा, काळ १९२० च्या दशकाचा. पात्रे कोण, तर प्राध्यापक, वार्ताहर, डॉक्टर, जुन्या वस्तूंचे व्यापारी. अनुभवाने त्यांचे कसब वाढते, पण जीव तेवढाच राहतो. एकदोन गोळ्यांत माणूस संपतो. ग्रंथालयात नेमके पुस्तक शोधता येणे हे इथे मोलाचे कौशल्य आहे.

खरी नवलाई होती ती मानसिक संतुलनाच्या गुणांची. भयंकर काही दिसले की फासे टाकायचे आणि गुण गमवायचे. एका फटक्यात पाच किंवा अधिक गुण गेले, तर बुद्धीची परीक्षा होते. इथे नियम उलटा आहे: जो उत्तीर्ण होतो, त्यालाच वेड लागते, कारण आपण काय पाहिले ते त्याला कळलेले असते. निषिद्ध ग्रंथ वाचले की ज्ञान वाढते, आणि तेवढीच संतुलनाची कमाल मर्यादा घटते. प्रकरण सोडवून काही गुण परत मिळतात. ही मर्यादा मात्र सहसा पुन्हा वर चढत नाही.

खेळ चालवणाऱ्याला इथे ‘कीपर’ म्हणतात. त्याचे काम राक्षस दाखवण्याआधी सुरू होते. पात्राची नोकरी, घर, माणसे आधी खरी वाटावी लागतात. १९८४ च्या ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ या साहसमालिकेत खेळाडूंच्या हाती पत्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे दिली जातात. ओळखीच्या कागदावर अनोळखी मजकूर आला की भय सुरू होते.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचलेल्यांना हे मर्म नवे नाही. तिथेही संकट येते ते चारचौघांसारख्या माणसाच्या घरात. पीटरसन यांनी या मर्माला आकडे दिले. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे, त्यालाच भय वाटते. म्हणूनच सगळे कळल्यावरही पुढचे दार उघडणारा तो सामान्य माणूस मला त्या योद्ध्यापेक्षा शूर वाटतो.