पेव (हळदीचे)
पेव : हळद साठवण्याचे जमिनीखालील कोठार. सांगलीजवळ कृष्णा-वारणा संगमावर वसलेले हरिपूर हे गाव पेवांसाठी प्रसिद्ध आहे. पेवाचे तोंड अरुंद, पोट रुंद असते. आत गवताचे अस्तर देऊन हळकुंडे भरत आणि तोंड मातीने बंद करीत. येथील मातीत ओल झिरपत नसल्याने हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून गेल्याखेरीज हमाल आत उतरत नसे. २००५ च्या महापुरात अनेक पेवे निकामी झाली. दरम्यान घरी हळकुंडे कुटण्याची चाल मागे पडून पाकीटबंद पूड रुळली. त्यामुळे मसाला कारखान्यांना वर्षभर माल लागू लागला; बंद केलेले पेव वारंवार उघडणे सोयीचे नसल्याने साठा गोदामे व शीतगृहांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या कीर्तीचा पाया घालणारी उरलीसुरली पेवे जतन करायलाच हवीत.