कुंडलचे नमस्कार

संस्थानी काळातल्या सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर तासगावच्या आसपासचा भाग ठिगळे लावलेल्या गोधडीसारखा दिसतो. तासगाव मूळचे परशुरामभाऊ पटवर्धनांचे. १८४८ साली खालसा होऊन इंग्रजी मुलखात गेले. सांगली-मिरजेची पटवर्धन भावंडे मात्र संस्थानिक म्हणून टिकली. या सगळ्यात कुंडल हे आणखी एक बेट: मालकी औंधच्या पंतप्रतिनिधींची. किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी माळरान मिळाले ते इथलेच. आणि इथल्या शाळांतल्या पोरांना, औंध-आटपाडीच्या पोरांप्रमाणे, दरबारी आज्ञेने सूर्यनमस्कार घालावे लागत.

आज्ञा भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींची. जन्म १८६८, पुण्यात बी.ए.पर्यंत शिक्षण, १९०९ मध्ये गादीवर. चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामवेडे. पण त्यांच्या व्यायामाची सुरुवात नमस्कारापासून झाली नाही, ही गोष्ट आपण सोयीने विसरतो. युजेन सँडो या जर्मन बलदंडाची पुस्तके आणि साधने मागवून त्यांनी जवळजवळ दहा वर्षे त्याच पद्धतीने मेहनत केली. नंतर मिरजकर संस्थानिकांनी नमस्कारांची गोडी लावली. म्हणजे ज्या प्रकाराला आपण आज अनादि म्हणून मिरवतो, त्याचे शाळकरी रूप घडवणारा माणूस सँडोच्या आखाड्यातून आला होता. नमस्कार जुने होतेच. समर्थांच्या नावाशी ते जोडले जातात, तालमींत जोर-बैठका तर होत्याच. नवी होती ती शिस्त: ठरलेल्या अवस्था, ठरलेला श्वास, वयाप्रमाणे वाढती संख्या, आणि सगळ्या वर्गाने मिळून घालणे.

औंधच्या नमस्कारात अवस्था दहा. उभे राहून हात जोडायचे, कमरेतून वाकून तळवे जमिनीला टेकवायचे, मग एक पाय मागे, दुसरा मागे. पाचव्या अवस्थेत साष्टांग: कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटे. मोजून आठ. पोट या आठांत नाही. ते वर उचललेले राहिले पाहिजे. पोरे नेमकी तिथेच फसत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने खरी गंमतही तिथेच आहे. पोटाचे स्नायू आत ओढल्याशिवाय अंगाचा भार खांदे, दंड आणि गुडघ्यांवर तोलता येत नाही. पुढे छाती उचलून पाठीचा कणा मागे वळवायचा, लगेच कंबर वर नेऊन मांडीच्या आणि पोटरीच्या मागच्या शिरा ताणायच्या. कणा एकदा पुढे, एकदा मागे. श्वासपटल एकदा दाबले जाते, एकदा मोकळे होते. साधनांचा खर्च नाही, जागा सतरंजीएवढी. गरीब संस्थानच्या तिजोरीला परवडणारे दुसरे शारीरिक शिक्षण कोणते होते?

बाळासाहेब एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. ‘ह्रां, ह्रीं’ या बीजमंत्रांच्या कंपनांनी अमुक इंद्रिय सुधारते, तमुक रोग हटतो, असेही त्यांचे म्हणणे होते. मोठ्याने उच्चार करताना श्वास लांबतो, एवढे मान्य करता येते, त्यापुढचे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. पहाटे मोट धरून किंवा शेणगोठा करून शाळेत आलेल्या कुणब्याच्या पोराला आणखी मेहनत कशाला? माझ्या मते याचे अर्धे उत्तर देता येते: शेतकाम ठरावीक स्नायूंनाच राबवते आणि पाठ वाकवून ठेवते. उरलेले अर्धे उत्तर ताटात होते. बाळासाहेब आहाराविषयीही पुष्कळ लिहीत, चहा-तंबाखूवर तुटून पडत. पण सडलेले तांदूळ खाऊ नका हा उपदेश ज्याच्या घरी भाकरीचीच ओढ, त्याच्या काय कामाचा?

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. नमस्कार त्यांनी मुलींपासून लांब ठेवले नाहीत. राणीसाहेब स्वतः घालत. त्या काळी हे लहान पाऊल नव्हते. १९३६ साली ते विलायतेला गेले तेव्हा लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी ‘न्यूज क्रॉनिकल’मध्ये त्यांच्यावर लिहिले, आणि १९३८ मध्ये त्यांच्या संपादनाखाली दहा अवस्थांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. औंधच्या शाळेतला तास असा साहेबाच्या दिवाणखान्यात पोचला.

इकडे कुंडलला वेगळेच घडत होते. १९४२च्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. पुढे प्रतिसरकार उभे राहिले, आणि त्याच्या तुफान सेनेचे ठाणे कुंडल बनले. जी. डी. बापू लाड तिथलेच. शाळेतल्या नमस्कारांतून तुफान सैनिक घडले, असे लिहिण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. भूमिगतांना कुंडल सोयीचे होते याचे मोठे कारण हद्द: संस्थानी गावात इंग्रजी पोलिसांचा हात सहज पोचत नसे, आणि १९३९ पासून प्रजेच्या हाती कारभार देणाऱ्या औंधची नजरही मवाळ होती. शिवाय तासगावच्या इंग्रजी हद्दीतली, नमस्कारांची सक्ती नसलेली पोरेही त्या चळवळीत होतीच.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि कुंडल-तासगाव एकाच कागदावर आले. बाळासाहेब १९५१ साली गेले. आज शाळांच्या मैदानावर बारा अवस्थांचा नमस्कार घातला जातो. आरंभी आणि शेवटी हात वर नेऊन मागे झुकण्याच्या ज्या दोन अवस्था त्यात आहेत, त्या औंधच्या दहांत नव्हत्या.