जलपर्णी एकच, मग वाढ वेगळी का?
कसबा बावडा : पंचगंगेवर कुठं जलपर्णी गुडघाभर उंच दिसते, कुठं जेमतेम वीतभर. जात वेगळी असेल असं वाटतं, पण तसं नाही. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती मुख्यतः फुटव्यांनी पसरते. त्यामुळं बहुतेक रोपं एकाच वाणाची. फरक असतो तो पाण्याचा आणि जागेचा.

असं ओळखा :
- सांडपाण्यातून, शेतातून नत्र-स्फुरद आलं की पानं मोठी, गडद हिरवी, मुळं आखूड.
- पाणी स्वच्छ असेल तर रोप ठेंगणं, मुळं लांब.
- मोकळ्या पाण्यात देठ फुगीर. दाटीत देठ बारीक आणि उंच.

राजाराम बंधाऱ्यात बरगे घातले की पाणी थांबतं. त्यात उन्हाळ्याची ऊब मिळाली की जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. पावसाळ्यात पुरानं वाहते, ती खालच्या गावांकडं.

काढायची तर फुलं येण्याआधीच. बी गाळात १५-२० वर्षं जिवंत राहतं. काढलेला ढीग काठावर ठेवू नये. पाणी चढलं की परत नदीत जातो. आणि नाल्याचं पाणी प्रक्रियेविना नदीत येत राहिलं, तर काढलेली जलपर्णी पुन्हा येणारच.