एका मजलेचा इतिहास

‘मजल दरमजल’ हा शब्दप्रयोग आज केवळ अलंकारापुरता उरला आहे. परंतु एके काळीं मजल हें देशाचें मोजमाप होतें. माणसें, बैल आणि लष्कराचे बाजारबुणगे एका दिवसांत जितकें चालूं शकत, तितकी एक मजल. आणि जेथें पाणी, चारा व निवारा मिळे, तेथें मुक्काम. कोणत्या गांवाला महत्त्व यावें याचा निर्णय राजाज्ञेइतकाच चालणाराच्या थकव्यानेंही केलेला आहे. वऱ्हाडांतील बाळापूर हें याचें उत्तम उदाहरण होय.

उत्तरेस बऱ्हाणपूर, दक्षिणेस पातुराजवळ चढूं लागणारा बालाघाट. यांना जोडणाऱ्या वाटेवर, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमीं हें गांव वसलें आहे. मोगलांनीं या स्थानाचें मोल ओळखलें होतें. अकबराचा पुत्र मुराद याचा तळ याच परिसरांत होता. मिर्झाराजे जयसिंग यांच्या नांवानें ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री आजही नदीकाठीं उभी आहे. ते जयसिंग १६६७ सालीं बऱ्हाणपुरास वारले. पुढें १७५७ मध्यें एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानें येथील उंच विटबंदी किल्ला पुरा केला. पावसाळ्यांत दोन्ही नद्यांना पूर आला म्हणजे पाणीच त्याचा खंदक होई.

याच मुलखांत १० ऑगस्ट १७२० रोजीं निजामुल्मुल्क आणि सय्यदबंधूंचा पुतण्या अलमअलीखान यांची लढाई झाली. मराठे अलमअलीच्या बाजूस होते. तो रणांत पडला आणि दक्षिणेंतील निजामशाहीचा पाया घातला गेला. इतिहासकार येथें डावपेंचांचा विचार करितात, तो योग्यच आहे. परंतु श्रावणांतल्या वऱ्हाडांतून जो एकदां चालला असेल, त्याला आणखी एक गोष्ट कळेल. निजामाला पूर्णेच्या पुरांतून उतार शोधावा लागला होता, आणि पुढें काळ्या चिखलानें त्याच्या सैन्याचे फार हाल झाले. त्या दिवसांत ही जमीनच उभय पक्षांची शत्रु होती.

ज्या चालण्यानें बाळापूर वाढलें, त्याचें महत्त्व आगगाडीनें संपविलें. १८६७ मध्यें लोहमार्ग भुसावळ, अकोला या वाटेनें नागपुरास पोंचला. तो बाळापुराच्या उत्तरेकडून गेला आणि गांवाच्या वांट्यास पारस हें स्टेशन आलें. मजलेचें गांव स्टेशनापासून कांहीं कोसांवर पडलें. किल्ला राहिला, पण त्याच्या सावलींत मुक्काम करण्याचें कारण राहिलें नाहीं.

तथापि पायीं चालणें या तालुक्यांतून अगदींच नाहींसें झालेलें नाहीं. शेगांवच्या गजानन महाराजांची पालखी आषाढी एकादशीसाठीं पंढरपुरास जाते, ती पारस, गायगांव, अकोला असा फेर घेऊन वाडेगांव व पातूर या मार्गानें बालाघाटाकडे वळते. शेंकडों वारकरी सुमारें एक महिना पायीं चालतात. वाडेगांवाहून पातुरास जाण्याचा एक दिवस पाहावा. पहांटे प्रस्थान, पताकाधारी, टाळकरी, विणेकरी आपापल्या ओळींत, दुपारीं विसावा, पुन्हां चाल, सायंकाळीं मुक्काम, हरिपाठ, कीर्तन. वाटेवरचीं गांवें भाकरीची आणि पाण्याची तजवीज करितात. क्षितिजावर सकाळीं निळसर दिसणारे डोंगर संध्याकाळीं जवळ येतात. येथून पुढें घाट आहे, हें नकाशा न पाहतांही पायांस कळतें.

या दिंडीची आणि मोगली छावणीची तुलना कोणास विचित्र वाटेल. एक लुटीस आणि सत्तेस निघालेली, दुसरी नामस्मरणास. परंतु दोघांचीं सूत्रें एकच आहेत: पाणी कोठें, सावली कोठें, सूर्य मावळण्यापूर्वीं किती चालतां येईल. भेद इतकाच कीं, छावणी गांवापासून धान्य ओढून नेई आणि दिंडीला गांव आपण होऊन वाढतें. पहिलीच्या नोंदी बखरींत आणि तवारिखांत सांपडतात. दुसरीची नोंद फारशी कोणी करीत नाहीं.

इतिहास लिहितांना आपण लढायांचे दिवस मोजतों, त्यांच्यामधल्या मजला मोजीत नाहीं. वास्तविक राज्यांच्या उलाढाली थोड्या दिवसांच्या असतात. चालणें रोजचें असतें. बैलांवर धान्य लादून नेणारा लमाण, ओझ्याखालीं वाकलेला हमाल, लष्करामागून फरफटणारी बायकापोरें यांच्याच पावलांनीं बाळापूरची वाट पडली. त्यांचीं नांवें शिलालेखांत नाहींत. तीं शोधावयाचीं असतील, तर निदान एक मजल त्यांच्या गतीनें चालून पाहिली पाहिजे.