बीर हकीमचे कैदी

इक्बालची 'फातिमा बिन्त अब्दुल्लाह' ही नज्म शिकवताना आम्ही मुलांना नकाशावर त्रिपोली दाखवतो. १९१२ साली जखमी गाझींना पाणी पाजताना शहीद झालेली ती अरब मुलगी मुलांच्या कायम लक्षात राहते. त्याच लिबियाच्या वाळवंटात तीन वर्षांनी घडलेली एक हकीकत मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. तिच्यातही तहान आणि भूक आहे; फक्त कैदी ब्रिटिश आहेत आणि पहारेकरी मुसलमान.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी इजिप्तच्या सरहद्दीवरील सल्लूमच्या उपसागरात 'यू-३५' या जर्मन पाणबुडीने 'तारा' हे ब्रिटिश जहाज बुडवले. मुळात ही आयर्लंडला उतारू नेणारी रेल्वे कंपनीची बोट. युद्ध सुरू झाल्यावर तिच्यावर तोफा चढवल्या गेल्या. तिचे बहुतेक खलाशी वेल्समधील हॉलीहेड बंदराचे होते. वाचलेल्यांना जर्मनांनी बार्दियाच्या किनाऱ्यावर नेले आणि तुर्क व सनूसींच्या हवाली केले.

सनूसी म्हणजे लुटारूंची टोळी नव्हे. १८३७ मध्ये मक्केत स्थापन झालेला हा सूफी सिलसिला. त्याच्या झावियांमध्ये मुले शिकत, प्रवासी मुक्काम करत, टोळ्यांचे तंटे मिटत. १९११ मध्ये इटलीने लिबियावर हल्ला केला. १९१२ मध्ये तुर्कस्तानने तह केला, पण सनूसी लढत राहिले. त्यांचे प्रमुख सय्यद अहमद शरीफ यांना इंग्रजांशी वैर नको होते, कारण धान्य इजिप्तकडून येई. तुर्कांच्या आग्रहाने अखेर ते युद्धात उतरले आणि धान्याची ती वाट बंद झाली.

कैद्यांना पायी चालवत वाळवंटातील बीर हकीमला नेण्यात आले. 'बीर' म्हणजे विहीर. तिथे जुन्या विहिरी होत्या, बाकी सारे उजाड. 'मूरिना' या बुडालेल्या दुसऱ्या जहाजाचे लोकही तिथेच होते. थोडा तांदूळ, जवाचे पीठ, कधी बकऱ्याचे मांस. तेही कमी पडू लागले तेव्हा कैदी वाळवंटातल्या गोगलगायी वेचून खाऊ लागले. हगवणीने आणि उपासमारीने काही जण दगावले. फेब्रुवारी १९१६ मध्ये कॅप्टन ग्वाटकिन-विल्यम्स एकटे पळाले. पकडले गेले आणि त्यांना मार खावा लागला. हे आम्ही लपवणार नाही. सूरह अद-दहरमध्ये कैद्याला जेवू घालणाऱ्यांची तारीफ आहे. पण पहारेकऱ्यांच्याच चुली विझल्या होत्या, हेही तितकेच खरे.

१४ मार्च १९१६ रोजी इंग्रजांनी सल्लूम परत घेतले. तिथे कॅप्टनचे एक पत्र सापडले आणि त्यात बीर हकीमचे नाव होते. १७ मार्चला ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर चिलखती मोटारी आणि रुग्णवाहिका घेऊन निघाले. लहानपणी त्या भागात गुरे चारलेला एक अरब वाटाड्या सोबत होता. सुमारे दोनशे किलोमीटर वाळवंट तुडवून त्यांनी ९१ जणांना सोडवले. हाडांचे सापळे झालेले कैदी पाहून सैनिकांचा तोल सुटला आणि मशीनगनच्या गोळ्यांनी पहारेकरी मारले गेले. या लोकांनी आमचे हाल मुद्दाम केले नाहीत, तेही आमच्यासारखेच उपाशी होते, हे सांगायला कैद्यांना उसंतच मिळाली नाही.

इंग्रजी तवारिखांत ही एका धाडसी सुटकेची गोष्ट आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि आपणही ही गोष्ट फक्त सनूसींच्या बाजूने सांगू लागलो, तर तीही तितकीच अपुरी ठरेल.

बीर हकीमचे नाव पुढे १९४२ मध्ये पुन्हा गाजले. २७ मे रोजी तिथून जवळच तिसरी हिंदी मोटर ब्रिगेड रोमेलच्या रणगाड्यांखाली मोडली. कैद होऊन मग वाळवंटात सोडून दिलेले शेकडो हिंदी जवान तहानेने व्याकूळ होऊन बीर हकीमला पोचले. तिथल्या फ्रेंच सैन्याला वेढा पडत होता आणि पाणी मोजून मिळत होते, तरी त्यांनी आपल्यातले पाणी या जवानांना दिले.

आता फातिमाचा धडा शिकवून झाला, की आम्ही नकाशावरचे बोट त्रिपोलीवरून पूर्वेकडे सरकवतो आणि मुलांना ही विहीरही दाखवतो.