वस्तुसंग्रहालये, सार्वजनिक पैसा आणि मिरजगाव

मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालय पाहून परतलेला जुना माणूस 'अजबखाना पाहिला' असे म्हणत असे. शिकलेल्यांनी त्या जागी 'वस्तुसंग्रहालय' हा भारदस्त शब्द रूढ केला. शब्द बदलला, तशी संस्थेविषयीची अपेक्षाही बदलली. अजबखान्यात पाहून थक्क व्हायचे असते, वस्तुसंग्रहालयात पाहून शिकायचे असते. पण शिकायचे म्हटले की पुढचे दोन प्रश्न आलेच : कोणी शिकायचे, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा? आपल्याकडे संग्रहालयांचा इतिहास बहुधा संग्राहकांच्या छंदाचा, राजेरजवाड्यांच्या औदार्याचा किंवा इमारतींच्या स्थापत्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तो पैशाच्या अंगाने, आणि तोही संग्रहालयापासून दूर राहणाऱ्या गरीब मुलाच्या जागेवरून वाचला तर काय दिसते, एवढेच येथे पाहावे असा आमचा हेतू आहे.

त्या जागेसाठी आम्ही मिरजगाव निवडले आहे. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले, नगर-सोलापूर रस्त्यावरचे हे बाजाराचे मोठे गाव. मुलूख सीनेच्या खोऱ्यातला, पर्जन्यछायेतला. शेजारच्या पाथर्डी-जामखेडच्या पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे निघतात, तोच हा दुष्काळी टापू. पण इतिहासाच्या दृष्टीने तो मुळीच कोरडा नाही. याच तालुक्यात राशीनचे जगदंबेचे देऊळ आणि तेथील हलत्या दीपमाळा आहेत. लगतच्या जामखेड तालुक्यात अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी आहे, आणि १७९५ च्या लढाईने ओळखले जाणारे खर्डाही आहे. भीमेकाठी पेडगावचा किल्ला व त्यातील जुनी देवळे आहेत. गावोगावी मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ उभे आहेत. नगर शहर येथून पन्नासेक किलोमीटरवर. तेथे जुनी कागदपत्रे जपणारे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, १९९४ साली लष्कराने उभारलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि ज्या किल्ल्यात १९४२ नंतर नेहरू आणि त्यांचे सहकारी बंदिवासात होते तो भुईकोटही आहे. म्हणजे वस्तूंचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो वस्तू आणि मूल यांना समोरासमोर आणणाऱ्या व्यवस्थेचा.

याच जिल्ह्यातले एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस, प्रवरेच्या काठी, दायमाबाद येथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना एका झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझ शिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ व त्यावर उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. काहींनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, काहींनी त्यावर शंका घेतली. पण भारतातील प्राचीन धातुशिल्पांत त्यांचे स्थान अनन्य आहे याबद्दल दुमत नाही. त्यानंतर १९७९ पर्यंत पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे पुन्हा विस्तृत उत्खनन केले, ते अर्थातच सार्वजनिक पैशातून. शिल्पे आज दिल्ली आणि मुंबई येथील संग्रहालयांत आहेत. ती तेथे सुरक्षित आहेत आणि जगभरचे लोक ती पाहतात, याविषयी आमची तक्रार नाही. पण ज्या समाजातील माणसाच्या हाताने ती वर आली, त्या समाजातील मुलांना ती पाहायची तर किती दिवसांची मजुरी बुडवावी लागेल, हा हिशोब कोणत्याही खात्याच्या वहीत नाही. वस्तू राजधानीला नेण्यासाठी शासनाकडे तरतूद होती. वस्तूची निदान प्रतिकृती आणि तिची कथा माघारी गावाला आणण्यासाठी नव्हती.

ही एकतर्फी वाहतूक फार जुनी आहे. मुंबईचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८७२ साली लोकांस खुले झाले. ते उभे राहावे म्हणून जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या नागरिकांनी वर्गणी जमवली. १९७५ साली त्या संग्रहालयास भाऊ दाजींचे नाव मिळाले ते उचितच होते. १९२२ साली खुले झालेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (१९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) हेही लोकवर्गणी आणि सरकारी मदत यांतून उभे राहिले. या संस्था थोर आहेत. तथापि त्यांच्या मुळाशी असलेली सार्वजनिकतेची कल्पना शहराच्या वेशीपाशी थांबणारी होती. दार सर्वांस उघडे, परंतु दारापर्यंत येणे ज्याचे त्याने पाहायचे. १९३६ साली मार्कहॅम आणि हारग्रीव्हज यांनी हिंदुस्थानातील संग्रहालयांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात देशाच्या मानाने संग्रहालये थोडी आणि त्यांवरील खर्च तुटपुंजा असल्याचे नमूद आहे. खर्च तुटपुंजा असला की तो इमारत, पहारेकरी आणि कपाटे यांतच संपतो, आणि शिक्षण हे 'उरले तर' या सदरात जाते.

या विचारपद्धतीला सर्वांत भेदक आव्हान संग्रहालयाच्या नव्हे, शाळेच्या संदर्भात दिले गेले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी मांडलेला मुद्दा साधा होता : सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. दानाची भाषा बाजूला सारून फुल्यांनी हिशोबाची भाषा वापरली. गरिबाला शिक्षण द्या ते दयेपोटी नव्हे, पैसा त्याचाच आहे म्हणून. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झालेले औद्योगिक संग्रहालय पुढे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय झाले. नाव बदलण्यास ठराव पुरतो. फुल्यांचा हिशोब संग्रहालयांच्या अंदाजपत्रकाला लावायचा, तर त्यास धोरण लागते.

तसे धोरण शक्य होते हे बडोद्याने दाखवले होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९४ साली संग्रहालय उभारले, आणि १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे खाते सुरू केले. आम्हांला येथे महत्त्वाची वाटते ती त्या खात्याची रीत. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या जात. चित्रे, स्टिरिओस्कोप आणि मॅजिक लँटर्नच्या काचा घेऊन एक शाखा निरक्षरांपर्यंत जात असे. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा तिहेरी वाट्याचा नियम होता. गावाला अर्ज-विनंत्या कराव्या लागत नव्हत्या. नियमात बसले की पैसा मिळे. दान आणि हक्क यांतला फरक असा कारकुनी तपशिलातच दिसतो.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने हा धागा पुस्तकांच्या बाबतीत उचलला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला. त्याखाली जिल्हा, तालुका आणि गाव अशा पातळ्यांवरील वाचनालयांना अ, ब, क, ड या वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळू लागले. आज अशी मान्यताप्राप्त वाचनालये हजारोंनी आहेत. अनुदान अपुरे आहे, ते वेळेवर येत नाही, ग्रंथपालाचे मानधन लाजिरवाणे आहे, या तक्रारी खऱ्या आहेत. पण तक्रार करता येते ती कायदा आहे म्हणून. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या बाराव्या नोंदीत ग्रंथालये आणि संग्रहालये एकाच ओळीत, शेजारी शेजारी लिहिली आहेत. महाराष्ट्रात त्यांपैकी पहिल्या शब्दाच्या वाट्याला गावापर्यंत पोहोचणारी अनुदानाची व्यवस्था आली. दुसऱ्याच्या वाट्याला एक संचालनालय, काही शासकीय संग्रहालये आणि प्रसंगोपात्त मदत आली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या भेदाचा विचार करावा असे आम्हांला वाटते. आपल्या समाजाने लिखित शब्दाला सार्वजनिक गरज मानले आणि घडवलेल्या वस्तूला शोभेची चीज. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले त्यांची स्मृती अनुदानास पात्र ठरली. ज्यांच्या पूर्वजांनी नांगर, मोट, घोंगडी, मडकी आणि ब्राँझचे रथ घडवले, त्यांची स्मृती कपाटात राहिली.

याला एक अपवाद आहे, आणि तो शिकण्यासारखा आहे. कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने १९६५ साली फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले. १९७८ साली विज्ञान संग्रहालयांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाल्यावर ही रीत देशभर पसरली. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्रही आपली फिरती प्रदर्शने ग्रामीण शाळांपर्यंत नेते. हा केंद्र सरकारचा पैसा, आणि त्यामागचा विचार स्पष्ट : विज्ञान ही राष्ट्राची गरज आहे, म्हणून ते खेड्यातल्या मुलापर्यंत नेणे हे राष्ट्राचे काम आहे. इतिहास आणि कला यांच्याविषयी असा विचार सरकारी पातळीवर तितक्या निश्चयाने कधी झाला नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस सुरू केली. पुराणवस्तूंची गोष्ट शाळांच्या अंगणात नेणारा तो अत्यंत स्तुत्य उपक्रम होता. पण ती बस निघाली एका खासगी बँकेच्या आधाराने. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्या कामांच्या यादीत वारसा व कला यांनाही जागा दिली. यातून पैसा आला हे चांगलेच झाले. मात्र कोणत्या जिल्ह्यात, किती वर्षे, कोणत्या विषयावर, हे ठरवण्याचा अधिकार त्याबरोबर देणाऱ्याकडे गेला. कंपनीचे प्राधान्य बदलले तर मिरजगावच्या मुलाने कोणाला जाब विचारायचा?

येथे आक्षेप येईल की ज्या मुलखात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लागतो, तेथे संग्रहालयाचे शिक्षण ही चैन आहे. या आक्षेपाकडे आम्ही हलकेपणाने पाहत नाही. पण तो नेहमी गरिबांच्या वाट्याच्या गोष्टींवरच घेतला जातो, हेही ध्यानात घ्यावे. शहरातील दालनांच्या नूतनीकरणाच्या वेळी दुष्काळाची आठवण कोणी काढत नाही. मिरजगावच्या बाजारात साबणाची वडी विकत घेणारी मजूर बाईही कर भरते, आणि त्या करातून राजधानीतील संग्रहालयाचे दिवे जळतात. फुल्यांचा १८८२ चा हिशोब अजून मिटलेला नाही. शिवाय मागणी अवाढव्य नाही. मुलांना प्रवेश फुकट असण्याने प्रश्न सुटत नाही, कारण खर्च तिकिटाचा नसून वाटेचा आहे. हे आपल्या एस.टी.ला संग्रहालयांच्या आधी कळले. शालेय सहलींना भाड्यात मिळणारी निम्मी सवलत ही ग्रामीण महाराष्ट्रातील संग्रहालय-शिक्षणाची बहुधा सर्वांत प्रामाणिक सरकारी मदत असावी. ती शिक्षण वा संस्कृतीच्या नव्हे, वाहतुकीच्या हिशोबात लिहिली जाते, एवढेच. उरलेला निम्मा खर्चही ज्या घरांना झेपत नाही, तेथील मुले मात्र सहलीच्या दिवशी शाळेत येत नाहीत. वर्गावर शिकवणाऱ्या कोणालाही हे सांगण्याची गरज नाही.

तेव्हा व्यवस्था नव्याने शोधायची नाही. बडोद्याची पेटी आहे, १९६७ च्या कायद्याखालचे वाचनालय आहे, विज्ञानाची बस आहे, एस.टी.ची सवलत आहे. गावच्या अनुदानित वाचनालयात एक कपाट वस्तूंचे असावे. त्यात दायमाबादच्या रथाची चांगली प्रतिकृती, नाण्यांचे ठसे आणि मोडी कागदांच्या प्रती असाव्यात. गावातीलच वीरगळांची नोंद मुलांकडून करून घेतली जावी, आणि या सर्वांसाठी वर्गवारीप्रमाणे ठराविक रक्कम कायद्याने मिळावी. मोठ्या संग्रहालयांनी अनुदान घेताना त्याचा निश्चित हिस्सा जिल्ह्याबाहेरच्या आणि तालुक्याच्या शाळांसाठी बांधून द्यावा. यांत क्रांतिकारक असे काही नाही. राज्यसूचीच्या एका ओळीतील दोन शब्दांना सारखे वागवणे, इतकेच आहे.

दायमाबादच्या रथावरील सारथी निदान साडेतीन हजार वर्षे उभा आहे. त्याला दिल्लीला पोहोचवण्याचे काम आपल्या शासनाने चोख केले. आता त्याच्याच जिल्ह्यातील मुलाला त्याच्यापर्यंत, किंवा त्याला त्या मुलापर्यंत, पोहोचवण्याचे काम बाकी आहे. ते कोणाच्या औदार्यावर सोडावे इतके लहान नाही, आणि अंदाजपत्रकात मावू नये इतके मोठेही नाही.